जंगलालगतचं घर वणव्यापासून पक्कं केलं तर घरपट्टी वाढू नये: ग्रामसभेच्या ठरावात काय लिहायचं?

नमुना_आठ | ११ जानेवारी, रात्री ८:४०

२६ जानेवारीची ग्रामसभा तोंडावर आहे. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला लागतो आणि १५ जूनपर्यंत चालतो. मधे जेमतेम तीन आठवडे मिळतात, म्हणून हा धागा आत्ताच काढतो आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, जिथे जिथे गावाच्या सांदवाडीला जंगल लागतं, त्या सगळ्यांसाठी.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात २०२३ पासून जमीनमालकाला वणवा रोखण्याच्या कामाच्या खर्चाचे २५ टक्के, जास्तीत जास्त ६२५ डॉलर, राज्याच्या प्राप्तिकरातून वजा करून मिळू लागले. आपल्याकडेही असं काही व्हावं, ही मागणी अधूनमधून ऐकू येते. पण आपल्या गावात प्राप्तिकर भरतो कोण? शेतीचं उत्पन्न करमुक्त, मजुरीचं उत्पन्न मर्यादेच्या खाली. ज्याला तो कर लागूच नाही, त्याला त्यातली सवलत निरुपयोगी. आपल्या हातातला कर म्हणजे घरपट्टी.

आणि घरपट्टीची दिशा आज उलटी आहे. डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीपासून ती भांडवली मूल्यावर आकारली जाते: जमिनीचं मूल्य, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा, आणि वापराचा भारांक. त्या मूल्यावर हजार रुपयांमागे ठरावीक पैसे. झोपडी किंवा मातीच्या घराचा दर सर्वांत कमी, आरसीसीचा सर्वांत जास्त. म्हणजे गवताचं छप्पर काढून स्लॅब टाकला, कुडाची भिंत काढून विटांची बांधली, की घर आगीला कमी भितं आणि कर वाढतो. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, तेव्हा ही वाढ कायमची चिकटते.

माझा प्रस्ताव असा: आगीपासून बचावासाठी केलेल्या कामामुळे आकारणी वाढू नये. कॅलिफोर्नियात १९८४ साली मतदारांनी प्रस्ताव ३१ मंजूर केला. त्यानुसार घरात आग विझवणारे फवारे किंवा आगीची सूचना देणारी यंत्रणा बसवली, तर मालमत्ता करासाठी ते नवं बांधकाम धरलं जात नाही. तिथे रोख सवलत नाही, फक्त वाढ नाही. आपल्याला हाच नमुना जास्त लागू पडतो.

ठरावाचा मसुदा इथे चर्चेतून पक्का करू. कोणती कामं त्यात धरायची, हे बांधकाम आणि जंगल जाणणाऱ्यांनी सांगावं.

---

रानवाट | ११ जानेवारी, रात्री ९:२५

कामांची यादी करण्याआधी आग घरापर्यंत येते कशी हे बघा, नाहीतर पैसा भलत्या जागी जाईल.

आपलं जंगल पानगळीचं. सागाची पानं जानेवारीपासून मार्चपर्यंत गळतात, मोहाची त्याच्या मागोमाग. वणवा जमिनीवरच्या पालापाचोळ्यातून सरकतो, ज्वाळा बहुतेक वेळा गुडघ्यापासून छातीपर्यंत. शेंड्याशेंड्यावरून पळणारी आग आपल्याकडे विरळ. अपवाद दोन: फुलोरा येऊन वाळलेली बांबूची बेटं, आणि रायमुनियाची (घाणेरीची) दाट जाळी. तिथे ज्वाळा उंच जाते, आणि बांबूची कांडी फुटून निखारे लांब फेकले जातात.

ज्वाळा अडवायला दहा मीटरचा साफ पट्टा बहुतेक ठिकाणी पुरतो. निखाऱ्याला तो पुरत नाही. एप्रिल-मे मधे दुपारी पश्चिमेचा, वायव्येचा तापलेला वारा असतो. त्यावर जळतं पान उडत येतं आणि छपरावर, तणसाच्या (भाताच्या पेंढ्याच्या) ढिगावर, कोठ्यात (गुरांच्या गोठ्यात) पडतं. अमेरिकेच्या वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी जळालेल्या वस्त्यांचा अभ्यास करून हेच मांडलं: घर वाचणार की जाणार हे मुख्यतः घर आणि त्याभोवतीचे तीसेक मीटर ठरवतात. जळालेल्या घरांच्या शेजारी हिरवी झाडं उभी दिसतात, ती त्यामुळेच.

आणि आग लावतं कोण? मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, ती आग तशीच सोडून देतात. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून लावतात. शेतातले धुरे (बांध) पेटवतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदू तोडणंच बंद केलं. त्यांच्या निर्णयामागे झाडांची छाटणी आणि आग ही दोन्ही कारणं होती. हे कराच्या सवलतीने सुटणारं नाही, पण ठरावात त्याची एक ओळ हवी.

---

कवेलू | ११ जानेवारी, रात्री १०:१०

छपराबद्दल सांगतो. स्लॅब टाकल्याशिवाय घर सुरक्षित होत नाही, ही समजूत आधी सोडा. मातीची भिंत जळत नाही, भाजलेलं कवेलू, म्हणजे कौलही जळत नाही. जळतं ते कवेलूच्या खालचं: बांबूच्या कांब्या, वासे, आणि कवेलू बसवताना अंथरलेलं गवत. निखारा खाली शिरतो कुठून, ते बंद करा.

देशी नळीच्या कवेलूंत फटी खूप. माकडं नाचली की सरकतात. उंदीर आणि चिमण्या आत काडीकचऱ्याची घरटी करतात, निखाऱ्याला तेवढं पुरतं. इंग्रजी कवेलू खाचेत बसतं, फट कमी राहते. देशी कवेलू ठेवायचे असतील तर दरवर्षी फेरणी पावसाळ्याच्या तोंडावर न करता फेब्रुवारीच्या सुरुवातीला करा. फेरताना खालचं गवत पूर्ण काढा, पन्हाळीतला पाला झाडून घ्या, फुटके बदला.

दुसरी जागा वळचण. भिंतीचा माथा आणि छप्पर यांच्यात चार ते सहा बोटांची फट जवळपास प्रत्येक घरात असते, धूर जावा म्हणून. ती पूर्ण बुजवली तर चुलीचा धूर कोंडतो आणि आठ दिवसांत कोणीतरी पुन्हा फोडतं. म्हणून स्वयंपाकाच्या बाजूला लोखंडी जाळी लावा, बाकी ठिकाणी विटांचे तुकडे आणि मातीने बुजवा. जाळीचं छिद्र ३ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. नायलॉनची मच्छरजाळी चालत नाही, ती निखाऱ्याने वितळून भोक पडतं. धुराची काजळी बसून जाळी बंद होते, महिन्यातून एकदा ब्रशने झाडावी लागते.

हिशेब: घर २० बाय ३० फूट, वळचण दोन लांब बाजूंना, म्हणजे ६० फूट. जाळी एक फूट रुंदीची लागते. ३ फूट पन्ह्याची जाळी उभी तिघांत कापली तर २० फूट लांबी पुरते. सांध्यावर चढवायला दोन फूट जास्त घ्या. वर बांबूला तार, खाली भिंतीत खिळे.

टिनाचे पत्रे टाकणार असाल तर पत्र्याच्या नाल्या वळचणीला उघड्या राहतात, त्यात पाला भरतो. सिमेंट-वाळू १:४ च्या मालाने ती तोंडं भरा. सिमेंटचे जुने पत्रे आगीत तडकून त्यांचे तुकडे उडतात, म्हणून आग लागली की त्याखाली कोणी थांबू नये. ते करवतीने कापूही नका, त्यात अॅस्बेस्टॉस असतो.

उन्हाळ्यात टिनावर तणस किंवा पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) पसरायची पद्धत आहे. घर थंड राहतं हे खरं, पण वर पेटवणच रचलेलं असतं. त्याऐवजी चुन्याचे दोन हात द्या, चुन्यात थोडा फेविकॉल मिसळला तर पहिल्या पावसापर्यंत टिकतो.

---

उंबरठा | १२ जानेवारी, सकाळी ७:०५

कवेलू भाऊ, छपराचं पटलं. पण बचत गटाच्या बायकांना विचारलं तर सगळ्यांत आधी भिंतीला टेकवलेलं सरपण दिसतं. गवऱ्यांची रास, तुराट्यांचे भारे, ताटवे, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, बारदान, हे सगळं ओसरीच्या भिंतीला लागून असतं, कारण पावसात तीच कोरडी जागा. उन्हाळ्यात ते तिथून हलवलं पाहिजे.

कॅलिफोर्नियात घराभोवतीचे पहिले पाच फूट पूर्ण न जळणारे ठेवायला सांगतात. आपल्याला हे नवं नाही, सडा-सारवणाचं अंगण तेच आहे. फक्त ते चारी बाजूंनी हवं, समोर अंगण आणि मागे गवत असं नको. सारवणात माती जास्त आणि शेण कमी ठेवावं. शेणाचे जाड थर साचले तर ते आतून धुमसतात.

अंगणावर बांधलेली हिरवी शेडनेट जाळी मार्च लागताच उतरवायची. ती प्लास्टिकची. पेटली की जळते थेंब खाली पडतात, आणि खाली खाटेवर गोधडी असते. मांडवावर जांभळीचा ओला पाला टाकतात, तोही आठवड्यात वाळतो.

मागच्या बाजूला मुरूम टाकायचा तर किती लागेल?

---

कवेलू | १२ जानेवारी, सकाळी ९:३०

उंबरठा ताई, त्याच २० बाय ३० च्या घराभोवती पाच फुटांचा पट्टा म्हणजे ६०० चौरस फूट. चार इंच थर धरला तर २०० घनफूट, म्हणजे दोन ब्रास. अंगण आधीच सारवलेलं असेल तर त्याहून कमी लागेल. मुरूम गौण खनिजात मोडतो, रॉयल्टी आणि तहसीलची परवानगी आधी बघा, नाहीतर ट्रॅक्टर अडतो.

भिंतीचा तळ विसरू नका. कुडाच्या भिंतीचा गिलावा पावसाच्या शिंतोड्याने खालून एक-दीड फूट निघून जातो आणि बांबूच्या कांब्या उघड्या पडतात. जमिनीवरची आग नेमकी तिथेच लागते. माती, कुटार आणि थोडं शेण कालवून बोटभर जाडीचा थर द्या. किमान खालचे सहा इंच तरी उघडे राहायला नकोत.

---

झाडीपट्टी | १२ जानेवारी, दुपारी १:१५

तणसाचं कोणी बोललं नाही जी. आमच्याकडे भात, म्हणजे प्रत्येक घरामागे तणसाचा ढीग. छपरापेक्षा तोच आधी पेटतो.

ढीग घराच्या कोणत्या बाजूला, हा पहिला प्रश्न. उन्हाळी वारा पश्चिम-वायव्येचा, म्हणून ढीग पूर्वेला किंवा आग्नेयेला हवा, म्हणजे पेटला तर ठिणग्या घराकडे न येता पलीकडे जातात. अंतर किमान ५० फूट. जागाच नसेल तर चार-पाच घरांचे ढीग गावाबाहेर एका मोकळ्या जागेत, पण एकमेकांना चिकटून नाही. एका मोठ्या ढिगापेक्षा तीन लहान, मधे बैलगाडी फिरेल एवढी वाट. म्हणजे एक पेटला तर दोन वाचतात आणि गुरांना पावसापर्यंत चारा राहतो.

विजेच्या तारांखाली ढीग नको. वाऱ्याने तारा एकमेकींना लागतात, ठिणगी पडते, आणि लोक म्हणतात वणवा आला.

ढिगाभोवती सहा फूट जमीन नांगरून किंवा खरवडून ठेवा. पेटलेल्या ढिगावर पाणी मारलं की वरचं विझतं, आत धुमसत राहतं आणि रात्री वाऱ्याने पुन्हा पेट घेतं. ढीग फोडून, पसरून विझवावा लागतो.

कोठ्याचं एकच सांगतो. उन्हाळ्यात गुरं दुहेरी गाठीने बांधू नका. दावं एका झटक्यात सुटलं पाहिजे.

---

तिवसा_कापूस | १२ जानेवारी, दुपारी २:४०

आमच्या भागात जंगल कमी, पण काटोल, आर्वी, कारंजाच्या डोंगरकडेची गावं आहेतच. तिथे भाव वाढायची वाट बघत कापूस मार्च-एप्रिलपर्यंत घरातच पडून असतो. खिडकीतून एक निखारा आला तर कापूस दरवेळी भडकत नाही, निखारा आत भोक पाडत जातो. दोन दिवसांनी धूर दिसतो. त्यामुळे आग जवळून गेली असेल तर गंजीत हात घालून ऊब बघा. गरम लागलं तर गंजी बाहेर काढून पसरवा, घरात पाणी ओतून भागत नाही. ज्या खोलीत कापूस त्या खिडकीला जाळी सगळ्यांत आधी.

पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर रचून नंतर पेटवणं बंद करा. रोटाव्हेटर किंवा श्रेडरने बारीक करून शेतातच टाका. धुऱ्याला लावलेली आग दुपारी हाताबाहेर जाते.

---

हिशेबनीस | १२ जानेवारी, सायंकाळी ६:२०

कराच्या बाजूने थोडं स्पष्ट करतो, कारण "करसवलत" म्हटलं की लोक चुकीच्या दारात जातात.

प्राप्तिकर: घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, राहत्या घराला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत. पण फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत राहत्या घराला ही वजावट नाही. गावातला शिक्षक, ग्रामसेवक, वनरक्षक यांपैकी कोणी जुन्या प्रणालीत असेल आणि कर्ज काढून छप्पर बदलत असेल तरच उपयोग. वणव्यासाठी म्हणून वेगळी वजावट नाही.

जीएसटी: हा मात्र प्रत्येक घर भरतं, बीपीएल असो वा नसो. सिमेंटवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. लोखंडी पत्रे, जाळी १८ टक्क्यांतच. ज्या घराची घरपट्टी वर्षाला काहीशे रुपये आहे, त्याने छपरासाठी ४०,००० रुपयांचं पत्रा-सिमेंट घेतलं तर करापोटी सहा हजारांवर रक्कम जाते. सवलतीची मागणी वर न्यायची असेल तर आमदारांकडे हा मुद्दा न्या, ग्रामसभेत तो सुटणार नाही.

विमा: 'भारत गृह रक्षा' ही १ एप्रिल २०२१ पासूनची प्रमाणित पॉलिसी आहे, सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे सारखीच. वणवा त्यात धरलेला आहे. घराच्या विमा रकमेच्या २० टक्के सामान आपोआप धरलं जातं, कमाल १० लाखांपर्यंत. त्या पॉलिसीत कच्च्या बांधकामाची व्याख्या आहे: गवत, बांबू, पानं, ताडपत्री यांच्या भिंती किंवा छप्पर. तुमचं छप्पर तसं असेल तर अर्जात तसंच लिहा. लपवलं तर दावा अडतो. कॅलिफोर्नियाने २०२२ मधे विमा कंपन्यांना नियमाने बांधून घेतलं: वळचण बंद, जाळी बारीक, पाच फूट मोकळे, शेड तीस फूट लांब असं केलेल्या घराला हप्त्यात सूट द्यायची. आपल्याकडे तसा नियम नाही.

आणि नमुना_आठ, तुमच्या प्रस्तावात मला एक मोठा धोका दिसतो.

आगीत घर गेलं तर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनी मदत मिळते. २०२२ ते २०२६ च्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या घराला सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये होते, ते कच्चं असलं तरी. झोपडीला मात्र ८,०००. कोठ्याला ३,०००. पंचनाम्यात तुमचं घर "कच्चं घर" ठरतं की "झोपडी", यावर लाखाच्या वरचा फरक अवलंबून आहे. कर वाचावा म्हणून नमुना ८ मधे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, घर वर्षानुवर्षं झोपडी म्हणून गोठवून ठेवलंत, तर तोच उतारा पंचनाम्याला जोडला जाईल.

---

नमुना_आठ | १२ जानेवारी, रात्री ८:००

हिशेबनीस, हा मुद्दा निर्णायक आहे. मसुद्यात "इमारतीचा प्रकार बदलू नये" असं लिहिणार होतो, ते काढून टाकतो. नोंद खरी हवी, मागणी गोठलेली हवी. नमुना ८ म्हणजे आकारणी, नमुना ९ म्हणजे मागणी. नमुना ८ मधे भिंत आणि छप्पर जसं आहे तसं लिहायचं. शेऱ्यात "वणवा प्रतिबंधक दुरुस्ती", महिना आणि वर्ष.

दुसरं: कोणत्या कामाने कर वाढतो, कोणत्याने नाही, हे वेगळं करू. आकारणीचे प्रकार मुख्यतः भिंत आणि सांगाड्यावर आहेत. जाळी, वळचण, मुरूम, गिलावा, कवेलूची फेरणी, यांनी वाढायचं कारणच नाही. टिन टाकलं तर कागदावर प्रकार बदलत नाही, पण फेरआकारणीत घर नवं धरून घसारा पुन्हा शून्यापासून मोजला जाण्याची शक्यता असते. यादी लागली की हरकतीच्या मुदतीत बांधकामाचं मूळ वर्ष तपासा. नंतरचं अपील पंचायत समितीकडे. कुडाची भिंत विटांची केली किंवा स्लॅब टाकला, तर प्रकार खरोखर बदलतो, आणि सवलतीची गरज तिथेच आहे.

तिसरं: नियमात नसलेली सूट ग्रामपंचायतीने आपल्या मनाने दिली तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुली सरपंच-सचिवावर येते. ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे? किमान आणि कमाल यांच्या मधला दर ठरवणं. ३० सप्टेंबरच्या आत भरणाऱ्याला मिळणारी ५ टक्के सूट सगळ्यांपर्यंत पोचवणं. आणि गावाच्या विकास आराखड्यात वणवा प्रतिबंधासाठी स्वनिधीतून तरतूद. बाकी शासनाकडे शिफारस म्हणूनच जाईल.

---

सेमाडोह_ओळ | १२ जानेवारी, रात्री ९:४५

धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू गावांचा विचार करा. तिथे घरं समोरासमोर दोन ओळींत, शेजारच्या घराची वळचण आपल्या वळचणीला लागलेली. ओळीतल्या एका घराने सगळं केलं आणि शेजाऱ्याने ओसरीत तणस भरलं, तर दोन्ही जातात. घर पेटलं की त्याची धग वणव्याच्या धगीपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकते. कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज शहर २०१८ मधे जळालं, तेव्हा शेवटी घरांनीच घरं पेटवली. त्या आगीत ८५ माणसं गेली आणि १८ हजारांच्या वर बांधकामं.

त्यामुळे लाभ घराला न देता ओळीला द्या. सलग दहा घरं, दहाही पास झाली तरच दहांना. एक नापास तर कोणालाच नाही. मग शेजारीच शेजाऱ्याचं तणस हलवायला मदत करतो. म्हातारं एकटं माणूस राहत असलेल्या घराचं काम ओळीने करून द्यायचं, हेही लिहा.

---

रानवाट | १३ जानेवारी, सकाळी ६:५०

ओळीचा मुद्दा उत्तम. त्याला गावाची जाळरेषा जोडा, नाहीतर घरं तयार आणि गावाभोवती पाला तसाच.

जंगलाच्या बाजूने गावाला लागून सहा मीटर रुंद पट्टा. दोन्ही कडांना एक-एक मीटर जमीन मातीपर्यंत खरवडायची आणि मधलं गवत-पाला जाळून टाकायचा. हे वनखात्याला सोबत घेऊनच. राखीव जंगलात परवानगीशिवाय आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी. पहाटे जाळा, दव असताना. वर ऊन आलं की थांबा. प्रत्येक वीस मीटरला एक माणूस, हातात ओली डहाळी. पट्टा विझल्यावर दुपारपर्यंत एक जण तिथेच हवा, जुन्या खुंटांत आग धुमसत राहते.

सगळ्यांत जास्त फसगत होते ती इथे: १५ फेब्रुवारीला रेषा चकाचक, फोटो निघतात, आणि सागाची उरलेली पानं मार्चभर त्याच रेषेवर पडतात. एप्रिलमधे रेषा नावालाच उरते. फेब्रुवारी, मार्चचा मध्य आणि एप्रिलची सुरुवात, तीनदा झाडावीच लागते. पाला उडवणारा ब्लोअर असेल तर दोन माणसांत लवकर आटोपतं, वनखात्याकडून किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत मागून बघा.

सूचनेसाठी: देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या वणवा पोर्टलवर मोबाइल नंबर आणि जिल्हा नोंदवला की उपग्रहाला आग दिसल्यावर संदेश येतो. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो, त्यामुळे संदेश उशिरा येऊ शकतो. त्यावर विसंबून राहू नका. वनखात्याची मदतवाहिनी १९२६.

---

उंबरठा | १३ जानेवारी, सकाळी ८:३०

तपासणी कोण करणार? ग्रामसेवकाकडे तीन-चार गावं असतात. बचत गटाच्या दोन बायका, वनरक्षक आणि ग्रामपंचायतीचा शिपाई, एवढं पथक पुरेसं. एकदा २० फेब्रुवारीच्या सुमारास आणि एकदा न सांगता एप्रिलमधे, कारण सरपण एका आठवड्यात भिंतीशी परत येतं. प्रत्येक घराचे चार बाजूंचे चार फोटो, तारखेसह. हेच फोटो नंतर पंचनाम्यालाही उपयोगी पडतील.

---

नमुना_आठ | १३ जानेवारी, रात्री ९:१५

सगळ्यांचं घेऊन मसुदा असा:

"ही ग्रामसभा ठरवते की, वनालगतच्या घरांत पुढील कामे वणवा प्रतिबंधक दुरुस्ती समजावीत: गवताचे छप्पर काढून कवेलू वा पत्रा टाकणे, छपराखालचे गवत काढणे, वळचण बुजवणे वा ३ मि.मी. पर्यंतची लोखंडी जाळी बसवणे. कुडाच्या भिंतीस गिलावा. घराभोवती पाच फूट न जळणारा पट्टा. तणस, सरपण व पऱ्हाट्या किमान ५० फूट दूर हलवणे. अशा दुरुस्तीमुळे नमुना ८ मधील बांधकामाचे मूळ वर्ष बदलू नये. भिंत वा छताचा प्रकार प्रत्यक्ष बदलल्यास तो नोंदवावा. मात्र वाढीव मागणी पुढील फेरआकारणीपर्यंत लागू करू नये, अशी शिफारस गटविकास अधिकाऱ्यांमार्फत शासनाकडे करावी. सलग दहा घरांची ओळ दोन्ही तपासण्यांत पात्र ठरल्यास त्या ओळीसाठी जाळी व मुरूम यांचा खर्च गाव विकास आराखड्यातील तरतुदीतून करावा. मोहफुलांसाठी पाला जाळण्याऐवजी झाडाखाली झाडून, जाळी वा जुनी साडी अंथरून वेचणी करावी. धुरे पेटवू नयेत."

"पुढील फेरआकारणीपर्यंत" हा शब्दप्रयोग मुद्दाम ठेवला आहे. कायमची माफी मागितली तर फाइल तिथेच अडेल. चार वर्षांची मागणी नियमाच्या चक्रात बसते.

घरकुल मंजूर झालेल्यांनी ही कामं बांधकाम सुरू असतानाच करून घ्यावीत. पंतप्रधान आवास असो, शबरी असो की रमाई, वळचण आणि जाळी आत्ता जवळपास फुकट होते, नंतर दुप्पट मजुरी.

---

झाडीपट्टी | १३ जानेवारी, रात्री १०:००

मसुद्यात पाण्याचं एक वाक्य टाका भाऊ. प्रत्येक ओळीला २०० लिटरचे दोन ड्रम, झाकणासह, आणि फवारणीचे १६ लिटरचे दोन पंप. पंप घरोघरी आहेच, पण औषधाचा पंप धुण्याच्या सोड्याने तीनदा धुऊन, नोझल मोठं करून फेब्रुवारीतच बाजूला काढून ठेवायचा. तणनाशकाचा पंप घेऊ नका. विहिरीच्या मोटारीवर भरवसा नको. कृषिपंपाला वीज ठरल्या तासांतच असते, आणि आग तारांपर्यंत आली की लाइन बंदच करतात. गावात एखादं डिझेल इंजिन असेल तर ते कोणाकडे, डिझेल कोण भरणार आणि पाइप किती फूट, हे ठरावाखाली नावानिशी लिहून घ्या.

---

नमुना_आठ | १४ जानेवारी, सकाळी ७:२०

टाकलं. ड्रम आणि पंप आराखड्याच्या तरतुदीत, इंजिनाची नावं ठरावाच्या जोडपत्रात. सूचक-अनुमोदकाच्या सह्या त्याच दिवशी घ्या आणि ठरावाची सत्यप्रत दोन दिवसांत पंचायत समितीला पोचवून पोच घ्या. वनपरिक्षेत्र कार्यालयाला एक प्रत वेगळी द्या, म्हणजे जाळरेषेची तारीख त्यांच्याकडून लेखी मिळेल.